आंबियाच्या नवतीवरचा चंदेरी पतंग: मूळ कुठला, पसरला कुठवर, नागपुरात कधी आणि कसा शोधायचा

भिंगवाला

फेब्रुवारीत पळस फुलायला लागला की पतंग बघणाऱ्या मंडळींचं लक्ष दिव्याखालच्या चादरीवर जातं. या दिवसांत नागपूरच्या आसपास मोठ्या संख्येने असणारा एक पतंग मात्र त्या चादरीवर बसूनही नजरेतून सुटतो, कारण तो आहे तांदळाच्या कणीएवढा. अंगाची लांबी दोन मिलिमीटर आणि पंख पसरले तर जेमतेम चार. नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. शेतकऱ्यांच्या भाषेत संत्र्याची पाने पोखरणारी अळी, काही भागात नागअळी. अळी सगळ्यांना माहीत असते, पतंग फार थोड्यांनी पाहिलेला असतो. म्हणून हा धागा. (आंबिया म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणारा संत्र्याचा बहार, नवती म्हणजे झाडाची नवी कोवळी फूट.)

पतंग ओळखायचा असा. पुढचे पंख चंदेरी पांढरे, त्यांवर पिवळट-तपकिरी आणि काळसर रेघा, आणि पंखाच्या अगदी टोकाला एक काळा ठिपका. भिंगाखाली तो ठिपका दिसला की निम्मी शंका तिथेच मिटते. मागचे पंख म्हणजे अरुंद पट्टी, कडेला लांब केसांची झालर. डोकं गुळगुळीत आणि पांढरं. बसतो तेव्हा पंख अंगालगत घट्ट मिटून घेतो, त्यामुळे वरून बघताना पानावर पांढरा धागा पडल्यासारखा वाटतो.

शास्त्रीय वर्णन १८५६ साली इंग्लंडच्या स्टेन्टन यांनी केलं आणि त्यासाठीचे नमुने होते कलकत्त्याचे. म्हणजे कीटक आपल्याकडचा, आशियातला. अरबस्तानापासून भारत, आग्नेय आशिया, फिलिपीन्स, तैवान, दक्षिण जपानपर्यंत त्याचा जुना पट्टा. पूर्व आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात तो १९९३ च्या बऱ्याच आधी पोहोचला होता. खरी उडी पडली १९९३ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या फ्लोरिडात होमस्टेडजवळच्या रोपवाटिकांत तो सापडला आणि वर्षभरात सगळ्या राज्यातल्या बागांत दिसू लागला. त्याच १९९३ मध्ये स्पेन, मग दोन-तीन वर्षांत मोरोक्कोपासून इस्राएल-तुर्कस्तानपर्यंत भूमध्य समुद्राचा जवळजवळ पूर्ण काठ. १९९६ मध्ये ब्राझील. २००० मध्ये मेक्सिकोकडून कॅलिफोर्निया.

ही यादी देण्याचं कारण एकच. या पतंगाचा नकाशा देशांच्या किंवा हवामानाच्या रेघांवर बसत नाही, लिंबूवर्गीय झाडाच्या कोवळ्या पानावर बसतो. जिथे कोवळं पान, तिथे हा. तो वर्षातून कधी दिसेल, किती दिसेल, कुठल्या बागेत दिसेल, हे सगळं त्या एका गोष्टीवरून निघतं. नागपूरपुरतं ते इथे मांडू. चूक असेल तर दुरुस्त करा.

---

कळमेश्वर_संत्रा

भाऊ, चांगला विषय काढला. फक्त 'वसंतातला पतंग' म्हणून लोकांनी हा लक्षात ठेवू नये. आमच्या भागात हा बाराही महिने असते. आंबियाच्या नवतीवर तो दिसायला लागते, एवढंच. खरा जोर पावसाळ्यातल्या नवतीवर, ऑगस्ट ते ऑक्टोबर.

फेब्रुवारीत नजरेत भरते याचं कारण ताण. आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडतात, हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने. त्या काळात झाड थांबलेलं असते, एकही कोवळं पान नसते. जानेवारीत ताण तोडून पाणी दिलं की आठ-पंधरा दिवसांत सगळ्या बागेत एकदम नवती आणि फुलं. उपाशी बसलेल्या पतंगाला एकाच वेळी सगळीकडे पान मिळते. म्हणून अचानक आल्यासारखा वाटते.

---

भिंगवाला

बरोबर, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. शीर्षकात मी म्हणूनच 'आंबियाच्या नवतीवरचा' लिहिलं, 'वसंतातला' नाही.

फ्लोरिडात किंवा भूमध्य समुद्राकाठी हिवाळ्यात थंडीने झाडाची वाढ थांबते, पतंगांची संख्या तळाला जाते. त्यामुळे तिथली वसंतातली पहिली नवती बहुतेक साफ सुटते आणि उन्हाळ्यातली नवती मार खाते. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंडी असते, पण दुपारी पारा २८ अंशांवर जातो. पतंग मरत नाही. गावातल्या परसातलं लिंबू, रोपवाटिका, ठिबकवरची नवी लागवड अशा ठिकाणी कुठे ना कुठे कोवळं पान असतं, त्यावर तो हिवाळा काढतो. म्हणून आपली पहिली नवती पूर्ण सुटत नाही.

पिढी किती दिवसांत पुरी होते याचा ढोबळ हिशोब असा. या कीटकाची वाढ साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली थांबते. अंड्यापासून पतंगापर्यंत जायला त्याला त्या १२ च्या वरचे मिळून सुमारे २०६ अंश-दिवस लागतात. फेब्रुवारीत नागपूरचं दिवसाचं कमाल ३१-३२, किमान १५-१६, म्हणजे सरासरी २३.५ धरा. त्यातून १२ वजा केले की रोजचे ११.५ मिळाले. २०६ भागिले ११.५ म्हणजे अठरा दिवस. डिसेंबरअखेर सरासरी २०.५ धरली तर २४ दिवस. ऑगस्टमध्ये सरासरी २७, तेव्हा १४ दिवस. मे महिन्याला हा हिशोब लावू नका, ४२-४५ अंशांत वाढ उलट खुंटते, शिवाय पान तोवर जून, म्हणजे कडक, झालेलं असतं.

आता अठरा दिवसांशेजारी दुसरा आकडा ठेवा. एक कोवळं पान उमलल्यापासून जून व्हायला दोन-तीन आठवडे घेतं. म्हणजे ताणावरच्या बागेत, जिथे नवती एका दमात येते, तिथे आंबियाच्या नवतीवर पतंगाची एकच पिढी नीट पुरी होते. दुसऱ्या पिढीची मादी अंडी घालायला येईपर्यंत पानं कडक झालेली असतात. पावसाळ्यात नवती मागून नवती येत राहते, तिथे पिढीवर पिढी चढते.

---

कापडावरचा_दिवा

चादर लावणाऱ्यांसाठी सांगतो. पांढऱ्या चादरीवर हा पतंग शोधणं म्हणजे मिठात साखर शोधणं. काळं कापड किंवा काळा कागद घ्या. त्याहून चांगलं म्हणजे दिव्याची वाटच बघू नका.

हा पतंग पहाटे कोषातून निघतो, नर-मादी उजाडताना जुळतात, मादी संध्याकाळपासून रात्री अंडी घालते. दिवसा पानाच्या खालच्या बाजूला सावलीत बसून असतो. म्हणून सकाळी सहा ते साडेसातची वेळ धरा. काळा कार्डपेपर, वहीच्या पानाएवढा, कोवळ्या फांदीच्या वीतभर खाली धरा आणि वरून बोटाने एकच टिचकी मारा. दोन टिचक्या मारल्या की पतंग उडून जातात आणि हातात फक्त तुडतुडे आणि सायला (हेही रस शोषणारे बारीक किडे) राहतात. पतंग कार्डावर पडला तर दोन-तीन सेकंद स्थिर राहतो. तेवढ्यात त्यावर पारदर्शक डबी पालथी घाला.

फोटोसाठी मोबाइलला लावायचं मॅक्रो भिंग पुरतं, पण प्रकाश तिरका पाहिजे. समोरून फ्लॅश मारला की चंदेरी खवले चमकून पंखाच्या टोकाचा ठिपका धुऊन निघतो. हमखास होणारी चूक हीच. टॉर्च बाजूने, कागदाच्या पातळीला धरायचा.

---

सीताबर्डी_गच्ची

गच्चीवर कुंडीत कागदी लिंबू असेल तर त्या पानांवर पांढऱ्या वळणावळणाच्या रेघा दिसतात, त्या हाच ना? की ती टमाट्यावर येणारी नागअळी?

---

भिंगवाला

लिंबावर असेल तर हाच. टमाटा, घेवडा, झेंडूवरची नागअळी ही माशीची अळी, पतंगाची नाही. दोघांच्या रेघांत फरक आहे आणि तो शिकून ठेवण्यासारखा आहे.

पतंगाची अळी पानाचा गर खात नाही. तिचं तोंड चपटं, कात्रीसारखं. सर्वांत वरच्या त्वचेच्या पेशी ती एकेक कापते आणि आतला रस पिते. वरचं पातळ आवरण तसंच राहतं, त्याखाली हवा भरते, म्हणून रेघ चांदीच्या वर्खासारखी चमकते. रेघेच्या मधोमध विष्ठेची एक बारीक काळपट रेषा असते. हीच खूण. रेघ बहुधा पानाच्या मधल्या शिरेजवळ सुरू होते, नागमोडी फिरत रुंद होत जाते आणि पानाच्या कडेला येऊन संपते. एक अळी एकाच पानात जन्म काढते, दुसऱ्या पानावर जात नाही.

कडेला आली की ती खाणं थांबवते आणि रेशीम सोडते. रेशीम सुकताना आकसतं आणि पानाची कड आत दुमडते. त्या दुमडीत कोष. म्हणून पान चुरगळतं ते मुख्यतः शेवटी, अळी मोठी झाल्यावर.

रेघ नसताना पान वळलं असेल तर पतंगाला दोष देऊ नका. मावा असेल तर पानाखाली किडे गोळा झालेले आणि चिकटा दिसेल. सायला असेल तर पिल्लांच्या मागून पांढऱ्या मेणाच्या बारीक शेवया बाहेर आलेल्या दिसतील. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, पान लहान, म्हणजे जस्ताची कमतरता.

---

जंबेरी

रोपवाटिकेच्या बाजूने लिहिते, कारण हा कीटक जगभर गेला तो रोपांबरोबर.

फळात हा नसतो. संत्र्याची पेटी कुठेही पाठवा, पानं-देठ नसतील तर पतंग जाण्याचा संभव फार कमी. कलम पाठवलं की गोष्ट वेगळी. पानाच्या दुमडीत कोष असतो, हिरव्या रंगाच्या घडीत तो वरून दिसत नाही आणि थंड दिवसांत तो तिथे दोन-तीन आठवडे काढू शकतो. तेवढ्यात ट्रक कुठल्या कुठे जातो. आपल्याकडून कलमं छिंदवाड्याला, राजस्थानात झालावाडला जातात. तिथेही हा पतंग आहेच, तरी नव्या बागेत पहिल्याच दिवशी त्याला का न्यायचं? शिवाय दुमडीसोबत खैऱ्या रोगाचे डागही जातात.

जंबेरी लिंबाची खुंटरोपं (ज्यांवर संत्र्याचा डोळा भरतात ती) आणि डोळा भरलेली कलमं सतत फुटत असतात. खत, रोज पाणी, अर्धी सावली, म्हणजे बारमाही कोवळं पान. रोपवाटिकेतलं नुकसान मोठ्या झाडासारखं नगण्य नसतं. दीड वीत उंचीच्या कलमाला पंधरा-वीस पानं असतात, त्यातली दहा दुमडली तर वाढ महिनाभर मागे पडते आणि डोळ्याची फूट वाकडी होते.

काय करायचं ते असं. डोळा फुटून पहिली पानं एक सेंटिमीटरची झाली की तेव्हाच पहिली फवारणी. रेघ दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला, कारण अळी आवरणाखाली बसलेली असते, वरून मारलेलं स्पर्शाचं औषध तिला लागतच नाही. अंडी एकेकटी असतात, पाण्याच्या थेंबासारखी पारदर्शक, पाव-पाऊण मिलिमीटरच्या मधली, आणि जास्त करून पानाच्या खालच्या बाजूला. म्हणून नोझल खालून वर धरायचं. वरवर भिजवलेल्या रोपावर खालची बाजू कोरडी राहते आणि मग लोक म्हणतात की औषध चाललं नाही.

पाठवण्याआधी प्रत्येक कलमाची दुमडलेली पानं बोटांत धरून दाबायची. कोष चिरडला की बारीक टचकन जाणवतं. शंभर कलमांना एका माणसाला अर्धा-पाऊण तास.

---

कळमेश्वर_संत्रा

ताई, निंबोळी अर्काचं प्रमाण पण लिहून द्या. लोक अंदाजे करतात आणि मग पानं जळतात नाहीतर काही होतच नाही.

---

जंबेरी

पाच टक्क्यांचा अर्क, १०० लिटरसाठी:

वाळलेल्या निंबोळ्या ५ किलो, जाडसर कुटून घ्या. पिठासारखं दळू नका, तेल चक्कीलाच लागून जातं. कुटलेली भरड दहा लिटर पाण्यात संध्याकाळी भिजत घाला. दुसऱ्या भांड्यात एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवून ठेवा. सकाळी भरड हाताने चोळून दुहेरी फडक्यातून गाळा. चोथ्यावर पुन्हा थोडं पाणी घालून पिळा. पाणी दुधाळ यायला हवं. आता साबणाचं पाणी घाला आणि एकूण १०० लिटर करा. त्याच दिवशी संपवा, उद्यासाठी ठेवू नका.

बिघडतं कुठे ते सांगते. निंबोळी आपल्याकडे जून-जुलैत पडते, फेब्रुवारीत ती आठ महिन्यांची झालेली असते. तीन ते आठ महिन्यांची निंबोळी चांगली, त्यापुढे जोर उतरतो. म्हणजे आंबियाच्या नवतीला आपण अगदी काठावर असतो. साठवण सावलीत वाळवून, गोणपाटात. प्लास्टिकच्या पोत्यात ठेवली की बुरशी धरते, आतला गर काळा पडतो, तसली निंबोळी खतात टाका. दुसरं म्हणजे ऊन. निंबोळीतला कामाचा घटक उन्हात लवकर विरतो, म्हणून फवारणी संध्याकाळी चारनंतर. त्यात आणखी एक फायदा, मादी त्याच रात्री अंडी घालायला येते तेव्हा पानावर ताजा वास असतो. अर्क अळी मारण्यापेक्षा मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करतो, हे लक्षात ठेवलं की वेळ चुकत नाही. नवती संपेपर्यंत सात ते दहा दिवसांनी पुन्हा.

---

कळमेश्वर_संत्रा

मोठ्या बागेचं वेगळं आहे ते लिहितो.

चार वर्षांवरचं निरोगी झाड असेल, फांद्या भरलेल्या असतील, तर आंबियाच्या नवतीवरच्या रेघा बघून पंप काढायचं काही कारण नाही. झाडावर जुनी पानं हजारोंनी असतात, अन्न तीच करतात. रेघ पडलेलं पानही राहिलेल्या हिरव्या भागात काम करते. स्पेनमध्ये हा कीटक आला तेव्हा सुरुवातीला खूप फवारे झाले, मग मोठ्या झाडांवर अभ्यास झाले आणि उत्पन्नात म्हणावी तशी घट सापडली नाही.

आणि हाच काळ फुलांचा आहे. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी बाग पांढरी असते, मधमाश्या सकाळपासून असतात. इमिडाक्लोप्रीडसारखं आंतरप्रवाही औषध या दिवसांत मारलं तर ते झाडात फिरते, फुलातल्या मधापर्यंत जाते. फूल असताना नाही म्हणजे नाही. एक-दोन वर्षांची लागवड, जिला फूल नाही, तिथे लेबलवर लिंबूवर्गीय पीक आणि ही अळी लिहिलेली असेल तर लेबलच्या मात्रेने एकदा, तेही नवतीच्या सुरुवातीला. पुन्हा पुन्हा तेच औषध मारलं की मित्रकीटक जातात आणि सायला-काळी माशी डोकं वर काढते.

नव्या लागवडीत चूक ठिबकपासून सुरू होते. तीन वर्षांच्या आतल्या झाडाला ताण देत नाहीत, बरोबर आहे, द्यायचाही नाही. पण दर पंधरा दिवसांनी युरिया सोडत राहिलं तर झाड थोडं थोडं सतत फुटते. एकाच झाडावर कोवळं, अर्धजून, जून असं सगळं पान. पतंगाला कधी खंड पडतच नाही. खत नवतीच्या तोंडावर एकगठ्ठा द्या, मधल्या काळात झाडाला थांबू द्या, म्हणजे नवती एकदम येईल आणि एकदम जून होईल.

पाणसोट काढा. खोडातून सरळ वर जाणारी ती जाड फूट बारा महिने कोवळी राहते आणि फळ देत नाही. अख्ख्या बागेचा पतंग तिच्यावर मुक्कामाला असते. मात्र जून फांद्यांची छाटणी पुन्हा पुन्हा करू नका. प्रत्येक कापामागे नवी फूट येते.

---

खैऱ्या_पाहणारा

संत्र्यासाठी कळमेश्वरभाऊंचं पटतं. कागदी लिंबाला तोच नियम लावू नका.

लिंबाचा खैऱ्या जिवाणूमुळे होतो. निरोगी पानात तो पर्णरंध्रांतून शिरतो आणि पान जून झालं की त्याचा शिरकाव कठीण होतो. अळीने त्वचा सोलून ठेवली की आतल्या पेशी उघड्या पडतात आणि ती जखम बरेच दिवस ओली राहते. पावसाचे शिंतोडे जिवाणू घेऊन येतात आणि थेट आत पोहोचतात. पतंग स्वतः रोग वाहून नेतो असं नाही, तो दार उघडून ठेवतो. खैऱ्याचे डाग नागमोडी रेघेवर मण्यांसारखे ओळीने आलेले दिसले तर कारण हेच. एकदा बघितलं की विसरत नाही.

नागपुरी संत्रा खैऱ्याला बराच सहनशील आहे, कागदी लिंबू अतिशय बळी पडणारं. म्हणून लिंबाच्या बागेत जूनच्या पहिल्या पावसाआधीची आणि नंतरची नवती जपायची. फेब्रुवारीची नवती कोरड्या हवेत येते, तेव्हा खैऱ्याचा धोका कमी. कधी अवकाळी पाऊस-गारपीट झाली तर मात्र त्या आठवड्यात लक्ष ठेवा, गारांच्या जखमा आणि अळीच्या जखमा एकत्र येतात.

---

सीताबर्डी_गच्ची

म्हणजे कुंडीतल्या एका लिंबाला फवारायचं नाही, हाताने करायचं?

---

जंबेरी

हो. एका झाडाला हातासारखं दुसरं काही नाही. दर तीन दिवसांनी नवी पानं उलटी करून बघा. रेघेच्या रुंद टोकाला पिवळट हिरवी, पारदर्शक अळी दिसेल, तीन मिलिमीटरच्या आत. नखाने तिथेच दाबा. दुमडी दिसली तर दुमडी दाबा. पान तोडू नका. कढीपत्त्याजवळ लिंबू ठेवलं म्हणून जास्त येतो का, असंही विचारतात. त्याचा मुख्य मुक्काम लिंबूवर्गीय झाडांवरच. बेल आणि कुंतीवरही तो नोंदला गेला आहे, पण तिथे कमी.

---

कापडावरचा_दिवा

एक गोंधळ आधीच दूर करतो. संत्र्याचे 'पतंग' म्हटलं की बरेच जण फळातला रस शोषणारा मोठा पतंग समजतात. तो युडोसिमा, पंख पसरले तर तळहाताएवढा, मागचे पंख भगवे आणि त्यांवर काळी नक्षी. तो ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, आंबियाचं फळ रंग धरायला लागलं की येतो. त्याची अळी संत्र्यावर नसतेच, गुळवेल आणि वासनवेलीवर असते, बांधावर आणि नाल्याकाठी. तिथे नुकसान पतंग करतो, सोंडेने फळाला भोक पाडतो. इथे नुकसान अळी करते, पतंग निरुपद्रवी. दोघांचा उपाय एक असूच शकत नाही.

---

भिंगवाला

आता नोंदीसाठी. या कीटकाची नागपूर परिसरातली वेळ नीट नोंदवायची तर फक्त 'रेघ दिसली' लिहून भागत नाही. रेघ जुनीही असू शकते, मागच्या ऑक्टोबरच्या नवतीवरची रेघ पानावर वर्षभर राहते. जिवंत अळी मोजा.

बागेत दहा झाडं निवडा, सगळी एकाच ओळीतली नकोत, कडेची आणि मधली मिळून. प्रत्येक झाडाच्या चार दिशांना एकेक नवी फूट, वीतभर लांबीची. फुटीवरच्या वरून पहिल्या पाच पानांवर जिवंत अळ्या किती, दुमडी किती, रिकाम्या दुमडी किती. दहा पट भिंग पुरतं. अळी जिवंत असेल तर पानाला उजेडाकडे धरल्यावर हलताना दिसते, मेलेली तपकिरी पडते. आठवड्यातून एकदा, ताण तोडल्यापासून सहा आठवडे. नोंदीत ताण तोडल्याची तारीख लिहायला विसरू नका. तिच्याशिवाय काटोलची नोंद आणि वरूडची नोंद जुळवताच येत नाही, कारण पतंग कॅलेंडर बघत नाही, नवती बघतो. पंजाबात किन्नो संत्र्याची नवती आपल्यापेक्षा उशिरा, तिथे पतंगाचा पहिला जोरही उशिरा. खासी संत्रं, कोडगूचं संत्रं, प्रत्येकाची नवती आपापल्या पावसाप्रमाणे. भारतातला त्याचा खरा नकाशा अशा तारखांनीच भरेल.

कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर ओढणारा) मिळाला तर त्रिकोणी चिकट सापळा नव्या फुटीच्या उंचीला टांगा. त्यात फक्त नर येतात. त्याने कीड आटोक्यात येत नाही, पतंग उडायला लागले एवढं कळतं. चिकट तळावर धूळ बसली की आकडे खऱ्यापेक्षा कमी येतात. फेब्रुवारी-मार्चच्या आपल्या वाऱ्यात दर आठवड्याला तळ बदला. आणि मोजताना पंखाच्या टोकाचा ठिपका बघा, सापळ्यात इतरही बारीक पांढरे पतंग येतात.

---

कापडावरचा_दिवा

पतंग उडवून ओळखायचा कंटाळा असेल तर घरी काढता येतो. दुमडी असलेली पानं देठासकट तोडा, एकूण दहा तरी घ्या. देठ पाण्याच्या लहान बाटलीत, तोंडाला कापूस, आणि बाटली काचेच्या बरणीत, वर मलमल. पान कोरडं पडलं तर दुमडी उलगडते आणि कोष वाळतो. पाणी बरणीत सांडलं तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. दोन्ही टाळायला बरणी सावलीत, खिडकीपासून दूर, आणि मलमल रोज एकदा काढून हवा द्या. फेब्रुवारीत आठवडाभरात पतंग बाहेर येतात, पहाटे. सकाळी सातनंतर बघितलं तर ते काचेवर आपटून पंखांचे खवले घालवून बसलेले असतात.

---

खैऱ्या_पाहणारा

बरणीत पतंगाऐवजी काळपट, चमकदार, मुंगीपेक्षा लहान माश्या निघाल्या तर फेकू नका. त्या परोपजीवी गांधीलमाश्या, या अळीवर वाढून तिला मारणाऱ्या, म्हणजे आपल्या बाजूच्या. आपल्या भागात सिट्रोस्टिकस आणि सिरोस्पिलस या गटांतल्या असतात. सिट्रोस्टिकस ही आशियातून भूमध्य समुद्राकाठी मुद्दाम नेऊन सोडली आणि तिथे टिकली. फ्लोरिडाने १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातून एजेनिआस्पिस सिट्रिकोला नेली, जी ऑस्ट्रेलियाने थायलंडहून आणली होती. तिची तऱ्हा अशी की एका अंड्याची अनेक पिल्लं होतात आणि पतंगाच्या कोषाच्या जागी तिच्या कोषांची माळ सापडते.

दहा दुमडींतून किती पतंग आणि किती माश्या निघाल्या हे लिहून ठेवा. फवारायचं की नाही हे ठरवायला त्याहून चांगला आकडा बागेत दुसरा नाही. निम्म्या दुमडींतून माश्याच निघत असतील तर पंप जागेवर राहू द्या.

---

कळमेश्वर_संत्रा

बरणी न ठेवता बागेतच कळते का, पतंग निघाला का माशी?

---

भिंगवाला

कळतं. पतंग निघताना कोष दुमडीतून अर्धा बाहेर सरकवतो आणि रिकामी साल तिथेच लटकत ठेवून जातो. पानाच्या कडेला तांबूस, कागदासारखी, दीड-दोन मिलिमीटरची नळी अडकलेली दिसली तर पतंग गेला. साल बाहेर नाही आणि दुमडीला सुईच्या टोकाएवढं गोल भोक आहे, तर माशी गेली. पहिल्या वाऱ्यात साल पडून जाते, म्हणून सकाळी लवकर बघायचं.